झुल्यावर जाऊबाई

आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर एक मोठा फोटो लावलेला आहे. फुलांनी सजवलेला झुला, मागे पुठ्ठ्याची चंद्रकोर, आणि झुल्यावर हिरवी साडी नेसून, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट घालून माझी मोठी जाऊ बसलेली आहे. नजर लाजून खाली, एक हात पोटावर. घरात पहिल्यांदा येणारा पाहुणा चहा यायच्या आत विचारतो, "यांचं डोहाळजेवण का?"

डोहाळजेवण माझं होतं.

साडी माझी होती. मंडपवाल्याशी दोन दिवस घासाघीस करून झुल्यासोबत फुलं फुकटात मी मिळवली होती. ती फुलं तिच्या डोक्यावर आहेत. पोट तर माझंच होतं, फक्त ते त्या वेळी अकोल्याच्या दवाखान्यात, हाताला सलाईन लावून, छताचा पंखा बघत पडलं होतं.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मला राग लवकर येतो आणि आला की मी तो नीट घडी घालून ठेवते, म्हणून मला सगळं क्रमवार आठवतं.

सातव्या महिन्यात माझे हात सुजले. गवारीच्या शेंगांसारखी बोटं केळ्यांसारखी झाली. सासूबाई खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आता कुठी अंग धरलं पोरीनं." चेहरा सुजला, तेव्हा म्हणाल्या तेज आलं. पायात चप्पल जाईना म्हणून मी नवऱ्याची घालू लागले, तर म्हणाल्या पोरगाच होणार, आत्तापासून बापाच्या चपला मागून राह्यला. डोकं ठणकायचं, तेव्हा नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. डोकं तसंच राहिलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी मी उठून बसले तर समोर दोन सासूबाई उभ्या. दोघींनी एकच लुगडं नेसलेलं. एक होती तीच मला पुरत होती. मी म्हटलं, "तुमी दोघी जराशा बाजूले सरका, मले उजेड येऊ द्या." सासूबाईंना वाटलं मी उलटून बोलले. त्या रागावून आत गेल्या, आणि जाताना त्या तीन झाल्या. मग मी पडले.

आमच्या ह्यांनी शेजाऱ्याची जीप काढली. कारंज्याच्या डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि थेट पुढे अकोल्याला पाठवलं. तिथे कळलं, तेज म्हणतात ते बीपी होतं.

इकडे घरी बुंदी पाडून झाली होती. कामरगावात आमची सोयरीक मोठी, त्यात मानोऱ्याकडचे पाहुणे सकाळीच निघालेले. सासूबाईंनी विचार केला आणि निकाल दिला, "लेकरू तं तिकडं पोटात हायच. इकडं झुल्यावर बसाले कोनीतरी लागते." जाऊबाईंना बसवलं. तिची ओटी भरली. तिच्यासमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने माझ्या वतीने पेढा काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे मला मुलगी झाली, पावणेदोन किलोची, आठव्या महिन्यात. दुसऱ्याच्या पोटाचा पेढा काढला की असंच होणार.

तीच माझी मुलगी पाच वर्षांची असताना त्या फोटोखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, मी आधी काकीच्या पोटात होतो का?" त्या दिवशी मी जाऊबाईंशी जे भांडले ते ऐकायला बाजारातून माणसं आली होती.

पण मी दुकानदारीण आहे. राग नुसता ठेवून द्यायची वस्तू नाही हे मला लवकर कळलं. मी त्याचा वापर सुरू केला. सकाळी न्हाणीघरात आधी कोण जाणार? "माह्या झुल्यावर कोन बसलं होतं?" मी आधी. अंगणातल्या लिंबाच्या झाडाची वरची लिंबं कोणाची? झुला. कूलर कोणाच्या खिडकीला? झुला. सासूबाई गेल्यावर त्यांचा पाण्याचा पितळी गुंड कोणी घ्यायचा यावर दोन दिवस चर्चा चालली. तिसऱ्या दिवशी मी फोटोकडे नुसतं पाहिलं. गुंड माझ्याकडे आहे.

आता अकोल्याचं सांगते, कारण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या वॉर्डातून निघालं.

शेजारच्या खाटेवर मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई होती. ऊसतोडीच्या कामावरून तिला थेट आणली होती. माझे हात केळी, तर तिचे भोपळे. तिच्या डाव्या मनगटात काचेच्या दोन बांगड्या रुतून बसल्या होत्या. फोडाव्या तर काच शिरेल, म्हणून नर्स थांबली होती. मला खाटेवरून उठायची बंदी होती. मी म्हटलं, "खाट सरकवा." खाट सरकवली. साबणाचा फेस केला, तिच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, अंगठा आत दाबला आणि गप्पा मारत मारत दोन्ही बांगड्या काढल्या. माझी आई यात्रेत बांगड्या भरायची, तिचं पाहून शिकलेलं. ती बाई बांगड्यांकडे बघत म्हणाली, "आठ दिवसाआधी ढिल्या होत्या वं. पाणी पेतानी कोपरापरेंत जायच्या."

चार दिवसांनी ती घरी गेली, लेकराविना. बांगड्या माझ्याच उशाशी राहिल्या.

आठ दिवसाआधी ढिल्या होत्या. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणजे आठ दिवस ते मनगट सांगत होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं. माझंही महिनाभर सांगत होतं, तर घरचे त्याला तेज म्हणत होते.

मुलगी सव्वा वर्षाची झाल्यावर मी बांगड्यांची पेटी घेऊन आठवडी बाजारात बसले. जातीने कासार नाही म्हणून पहिले दोन महिने कासारीण माझ्याकडे पाठ करून बसायची. तिसऱ्या महिन्यात आम्ही दोघी मिळून गिऱ्हाइकांना शिव्या देऊ लागलो. पुढे टपरी झाली, मग पत्र्याचं दुकान, मग पक्कं. यात कोणाची मदत नाही. आमच्या ह्यांनी एकदा शटर रंगवून दिलं, तेही भलत्याच रंगात.

माझी पद्धत साधी. मी माणसाचं तोंड विसरते, मनगट विसरत नाही. कोणाला सव्वादोनची बांगडी लागते, कोणाला तिच्या पुढची दोन-सहाची, कोणाची डावीकडची अंगठ्यामागची हाडं आडवी येतात, सगळं पाठ. बाई सव्वादोनची असेल आणि महिन्याभरात तिला अडीचचीही जात नसेल, आणि ती पोटुशी असेल, तर मी बांगडीचा डबा बंद करते.

"आधी कारंज्याले जा. बीपी मोजून कार्ड आन. मग बांगडी."

"काकू, परवा कार्यक्रम हाय."

"मंग आजच जा."

मी डॉक्टर नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनीच मला समजावलं होतं की दिवस गेल्यावर थोडी सूज पुष्कळ जणींना येते, दर वेळी ते बीपीच असतं असं नाही. मी म्हटलं, असू नये, पण मोजायला काय जातं? माझ्याकडून परत पाठवलेल्या बऱ्याच जणी ठणठणीत निघाल्या आणि मला बोल लावून गेल्या. ते बोल मी आनंदाने घेतले. काही जणी ठणठणीत निघाल्या नाहीत. त्या नंतर लेकरं कडेवर घेऊन आल्या, आणि घासाघीस न करता बांगड्या भरून गेल्या. मला मात्र त्यात मजा आली नाही. गिऱ्हाइकाने घासाघीस केली पाहिजे.

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचा हात माझ्या हातात घेतला आणि मी डबा बंद केला. सासू म्हणाली, "बांगड्या विकाले बसली का डाक्टरीन झाली?"

"डाक्टरीन असतो तं तुमाले बाहेर बाकड्यावर बसवलं असतं."

"मी दुसऱ्या दुकानातून घेतो."

"घ्या. थो बी नाई देणार. त्याले सांगून ठेवलं हाय."

सांगून वगैरे काही ठेवलं नव्हतं. ती पाठमोरी झाल्यावर मी मागच्या दाराने धावत जाऊन सांगितलं.

दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे मी खाट टाकली, पंखा लावला. डाव्या कुशीवर झोपायचं, अर्धा तास, कोणी उठवणार नाही. आमच्या भागात पोटुशी बाई दुपारी झोपली की घरात लगेच कोणाचं तरी डोकं दुखू लागतं. पण बांगड्या निवडायला दीड तास लागला तरी कोणाला शंका येत नाही. बायका यायच्या, झोपायच्या, उठून दोन बांगड्या घेऊन घरी जायच्या. एकीला नऊ महिने ओकारी होती. ती बादली आपली घरून आणायची, मी बांगड्यांच्या किमतीवरून बोलायला लागले की तिला हटकून उलटी व्हायची. मी तिच्याशी भाव बोलणं सोडलं. आजवर तेवढी एकच.

बाजाराच्या दिवशी आशाताई बीपीचं यंत्र घेऊन दुकानात बसतात. त्यांना मी खुर्ची दिली, पंख्याखालची. आणि कारंज्याला जाणाऱ्या काळीपिवळीवाल्याशी पुढच्या सीटचा सौदा केला. हा सौदा सगळ्यात अवघड. पुढची सीट म्हणजे गुरुजी, नाहीतर पोलीस पाटील.

"काकू, थे सीट माह्या इज्जतीची हाय," तो म्हणाला.

"मागं चौदा मानसं कोंबतं, तवा कुठी जाते इज्जत?"

"गरवार बाई बसली अन् वाटनं काई झालं तं?"

"म्हनूनच समोर बसव. मागं झालं तं तुले दिसन बी नाई."

त्याने माझ्या दुकानापुढच्या सावलीत गाडी लावायची परवानगी मागितली, मी दिली. तपासणीच्या दिवशी पुढची सीट आमची झाली. एकदा गुरुजी आधीच बसले होते, तर तोच त्यांना म्हणाला, "सर, तुमाले कितवा महिना हाय?"

असं सगळं बरं चाललं होतं. गावोगावच्या सुना माझं ऐकत होत्या. ऐकत नव्हतं ते एकच घर, माझं.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या सुनेला दिवस गेले. पोरगी गुणाची, बोलते कमी. तिचा नवरा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्याला कंपनीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. अंगणात मांडव पडला, झुला आला. मी झुल्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. बांगड्या अर्थातच मी भरणार होते, घरचीच कासारीण.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी हिरव्या चुड्याचा डबा घेऊन तिच्यापुढे बसले. दिवाळीत तिला मीच भरल्या होत्या, सव्वादोनच्या, चटकन गेल्या होत्या. आज सव्वादोनची बोटांच्या पेरांवरच अडली. दोन-सहा अंगठ्यापाशी. अडीचचीही जाईना. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तेज आलं होतं.

"डोकं दुखते का वं?"

तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "परवापासून. अन् काकी, डोळ्यापुढं चमकून राह्यलं, लग्नातल्या लायटिंगवानी."

मी डबा बंद केला.

आशाताई त्या दिवशी ट्रेनिंगला गेलेल्या, यंत्र त्यांच्यासोबत. मी जाऊबाईंना बाजूला घेतलं. "जाऊबाई, पोरीले आत्ता कारंज्याले न्या लागते."

जाऊबाई बुंदीच्या कढईवर लक्ष ठेवून होत्या. "उद्या नेऊ."

"उद्या नाई. आत्ता."

"चार वाजता कार्यक्रम हाय. शंभर माणूस येऊन राह्यलं."

"हातात अडीचची जाऊन नाई राह्यली."

"मंग मोठी दे ना. दुकानदारीन तू हायस."

"मोठी देत नाई मी. तुमाले माहीत हाय."

तेव्हा जाऊबाईंनी झारा खाली ठेवला. कमरेवर हात. "हे पाय. एकोणीस वर्सांपासून तू याच दिवसाची वाट पाहून राह्यली. तुह्या झुल्यावर मी बसलो, म्हणून आता माह्या सुनेचा झुला रिकामा ठेवाचा हाय तुले. मले काय समजत नाई?"

 तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. गावच्या प्रत्येक सासूला मी जे सांगायची, ते इथे माझ्याच तोंडून खोटं वाटत होतं. न्हाणीघर, लिंबं, कूलर, गुंड, सगळीकडे मी तोच झुला पुढे केला होता. आता खरी गरज पडली, आणि तिला त्यात नुसता माझा डाव दिसत होता. मांडवाच्या खांबाला टेकून ती पोरगी डोळे मिटून उभी होती, हातांची बोटं फाकून.

मी जन्मभर सौदे केले. समोरच्याला काय हवंय हे आधी ओळखायचं, एवढाच माझा धंदा. मी विचारलं, "तुमाले काय पाहिजे?"

"म्हंजे?"

"पोरीले आत्ता धाडाचं काय घेसान?"

जाऊबाईंनी विचारही केला नाही. गेल्या एकोणीस वर्षांत त्यांनी तो करून ठेवला असावा. त्या पुढच्या खोलीत गेल्या, स्टुलावर चढल्या, फोटो उतरवून घेऊन आल्या, आणि माझ्यापुढे धरला.

"यावर हात ठेव. आजपासून या झुल्याचं नाव तोंडातून काढाचं नाई."

 सांगायला लाज वाटते, पण पोरीचा जीव टांगणीला असतानाही मी घासाघीस केली. सवय आहे. "तुमच्यासमोर नाई काढत."

"माह्या मागंबी नाई."

"दुकानात?"

"दुकानात नाई. पाहुन्यात नाई. नवऱ्यापाशी नाई."

"पोरीच्या वाढदिवसाले, सालातून एक डाव."

"नाई."

"पोयाच्या सनाले?"

"पोयालेबी नाई. नुसतं फोटोकडं पाहाचंबी नाई, तसल्या नजरेनं."

"दुपारी दोनच्या आत परत आनतो, डाक्टरनं सोडलं तं."

"अन् नाई सोडलं तं?"

"तं पोरगी वाचली असं समजा."

 पहिल्यांदाच जाऊबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. मी फोटोवर हात ठेवला. काचेखाली जाऊबाईंचा मोगऱ्याचा मुकुट, माझ्या मेहनतीचा. असा तोट्यातला सौदा मी उभ्या आयुष्यात केला नव्हता. एकोणीस वर्षं पोसलेली वस्तू, दारात आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला, सांगेल त्या भावात.

"बोलणार नाई," मी म्हटलं. "आता तिची फाईल आना. अन् उशी."

काळीपिवळीवाल्याने मागची चौदा माणसं उतरवून आम्हा दोघींना नेलं. वाटेत पोरीने फक्त एकदा विचारलं, "काकी, लेकरू हाय ना बरं?" मी तिचा हात पोटावर ठेवला आणि म्हटलं, "लाथ मारते का?" मारली. मी म्हटलं, "मंग भांडखोर हाय. माह्यावर गेलं." ती हसली, आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तूर उभी होती दोन्ही बाजूंनी. मला ती नीट दिसत नव्हती, पण माझं बीपी नॉर्मल होतं.

दवाखान्यात पट्टा बांधला. नर्सने आकडा पाहिला, दुसऱ्या हाताला बांधला, पुन्हा पाहिला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. ही चाल मी ओळखते. अर्ध्या तासात पोरगी खाटेवर, हाताला सलाईन, डावी कूस. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आणखी एक-दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. कोणाच्या लक्षात आलं?"

"बांगडीच्या," मी म्हटलं.

घरी फोन लावला. जाऊबाईंनी उचलला. मी सगळं सांगितलं. पलीकडे मांडववाला खिळे ठोकत होता. मग त्या म्हणाल्या, "तिले वेफर आवडतात. देऊ का धाडून?" मी म्हटलं, "मीठ बंद हाय." त्या म्हणाल्या, "मंग काय धाडू?" मी म्हटलं, "काई नको. तुमी या." त्या म्हणाल्या, "येतो. पाहुने उठले का येतो." आणि फोन ठेवला. 

संध्याकाळी काळीपिवळीवाला डबा घेऊन आला. सोबत पुढच्या सीटवर जाऊबाई. त्या थेट सुनेच्या खाटेशी गेल्या, तिच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवून बसल्या.  मी पाहिलं, त्यांच्या कपाळावर हळदीकुंकवाचा मोठा मळवट होता, आणि केसांत, कानामागे, मोगऱ्याच्या तीन कळ्या अडकलेल्या.

मी काळीपिवळीवाल्याला बाहेर नेलं. "कार्यक्रम झाला?"

"झाला ना, काकू."

"कसा झाला?"

तो खाली बघू लागला. मग मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

झुला. पुठ्ठ्याची चंद्रकोर. हिरवी साडी, सुनेची. मोगऱ्याचा मुकुट. नजर लाजून खाली, एक हात पोटावर. वय वर्षं त्रेपन्न.

"शंभर माणूस आलं होतं," तो म्हणाला. "रिकामा झुला बरा दिसत नाई म्हणे. पेढाबी काढला त्यायनं."

मी आत आले. तोंड घट्ट मिटलेलं. पोरीने विचारलं काय झालं, मी मोबाइल तिच्यापुढे धरला. ती पाहत राहिली, मग तिचे खांदे हलू लागले. ती इतकी हसली की नर्स धावत आली आणि बीपीच्या पेशंटला हसवता काय म्हणून मलाच रागावली. जाऊबाई खाटेच्या पायाशी बसून भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचल्यासारखं करत होत्या.

"काकी," पोरगी म्हणाली, "बोला ना काईतरी."

 मी डब्यातली बुंदी खाल्ली, सगळी.

पुढे तिला गोळ्या सुरू झाल्या, पूर्ण आराम, दोन दिवसाआड तपासणी. जाऊबाईंनी तिला ग्लासही उचलू दिला नाही. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी अकोल्याला हलवलं. मुलगी झाली, दोन किलोपेक्षा थोडी जास्त, आवाज मात्र पाच किलोचा. पेढा पुन्हा चुकला. काही दिवस काचेच्या पेटीत राहून ती घरी आली. आता माझ्या दुकानात गल्ल्यावर बसून बांगड्या चावते.

जाऊबाई बदलल्या, हे मान्य करते. आता गावात कोणाच्याही घरी पोटुशी बाई दिसली की त्या आधी तिचं मनगट धरतात आणि माझ्याकडे घेऊन येतात. मागच्या खोलीत दुसरी खाट त्यांनीच टाकली. आपल्या वाट्याची लिंबं पिळून सरबत करून आणतात. बाकड्यावर बसून बायकांना धीर देतात.

आणि धीर देताना गोष्ट सांगतात. "माह्या जावेले असंच झालं होतं," त्या म्हणतात. "थे अकोल्याले पडली. इकडं शंभर माणूस दारात. कोन बसन झुल्यावर? मी बसलो. तिच्यासाठी बसलो. तिची ओटी माह्या पदरात घेतली, म्हणून तं लेकरू वाचलं. मंग माह्या सुनेच्या टायमालेबी मीच बसलो. दोन दोन लेकरं वाचवली म्या, नुसतं झुल्यावर बसून."

बायका माझ्याकडे पाहतात. जाऊबाईपण पाहतात, शांतपणे, सरबताचा चमचा ढवळत. त्यांनी शपथ घेतलेली नाही. शपथ मी घेतली आहे. मी बांगड्यांचे डबे एकावर एक रचते, पुन्हा उतरवते, पुन्हा रचते. टीव्हीच्या वर आता दोन फोटो आहेत, शेजारी शेजारी, आणि दोन्हीत तीच बसलेली आहे. मी टीव्ही पाहणं सोडलं.

वर्षभर मी दिलेला शब्द पाळला. पोळ्यालाही पाळला. पण सौदा करताना शब्द न् शब्द ऐकायची मला सवय आहे, आणि त्या सकाळी कढईपाशी काय काय ठरलं ते मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. तोंडातून काढायचं नाही, असं ठरलं होतं. समोर नाही, मागे नाही, दुकानात नाही, पाहुण्यांत नाही, नवऱ्यापाशी नाही. लिहायचं नाही, असं ठरलं नव्हतं. तेवढी एक फट जाऊबाईंकडून राहिली.

हे सगळं मी मागच्या खोलीतल्या खाटेवर बसून लिहिलं, एकही शब्द तोंडाने न उच्चारता. जाऊबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा त्यांना सापडत नाही. त्यांची सून त्यांना वाचून दाखवणार आहे, मोठ्याने, मांडीवर लेक घेऊन. तसं आमचं ठरलं आहे. तिने कोणत्याही फोटोवर हात ठेवलेला नाही.